निकाल लागला की मामा यायचे

आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या मामांना कुणी 'किती पडले?' असं विचारलं, की ते म्हणायचे, "सकाळी चार, सांजचं तीन." विचारणारा बुचकळ्यात पडायचा. मामा आपल्या म्हशीच्या दुधाबद्दल बोलत असायचे. प्रश्न मार्कांचा आहे हे त्यांना कळत नसे असं अजिबात नाही. तो प्रश्न त्यांना ऐकूनच घ्यायचा नसायचा, आणि मे महिन्यात तर गावात दुसरा प्रश्नच नसतो. सलूनमध्ये, दूध डेअरीवर, अगदी मयताला गेलं तरी माणसं हळूच विचारतात, "थोरल्याला किती पडलं?" मामा तिथेही म्हशीचं दूध सांगून मोकळे व्हायचे.

त्यांच्या भाषेत कुणी नापास होत नसे. 'त्याचं गणित र्‍हायलं', 'हिचं दोन विषय र्‍हायलं' असं ते म्हणायचे, एस.टी. चुकल्यासारखं. आमच्या पलूसच्या स्टँडवर एस.टी. चुकली म्हणून कुणी रडत बसत नाही, पुढची कितीला आहे ते विचारतात.

कागदावर त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं होतं. कॉलेजात सगळे शिपाई मामाच असतात, पण नुसतं मामा म्हटलं की हेच. बाकीच्यांना ऑफिसातले मामा, गेटवरचे मामा असं फोडून सांगावं लागायचं. बुटके, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, घड्याळ उजव्या मनगटाला आणि तेही आतल्या बाजूला. कपाटात फॉर्मेलिनच्या बरणीत एक बेडूक होता, आमच्या जन्माच्या आधीपासूनचा. सकाळी लॅब उघडली की मामा आधी त्याला विचारायचे, "काय गड्या, झोप झाली का?" मग खिडक्या उघडायच्या.

मुलांची नावं त्यांना येत नसत, किंवा येत नाहीत असं ते दाखवायचे. ते टेबलाच्या नंबराने हाक मारायचे. मी टेबल नंबर चार. बाजारात भेटले, लग्नात भेटले, तरी "काय चार नंबर, ब्येस न्हवं?" माझी आई वैतागायची. पोरीला कैद्यासारखं काय बोलावतात, म्हणायची.

प्रॅक्टिकल चालू असलं की ते बेसिनजवळच्या स्टुलावर बसून आमच्या हातांकडे बघायचे. चेहऱ्याकडे नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्वांडं समदी सारखीच करत्यात, सर आलं की." कोण परीक्षानळी धुतल्यावर उजेडात धरून बघतं, कोण बर्नर पेटवताना मान फिरवतं, कोण दुसऱ्याची फुटलेली नळी गुपचूप उचलून टाकतं, हे सगळं ते मनात साठवायचे. त्याचं पुढे काय करायचे ते निकाल लागेपर्यंत कळत नसे.

आता आमच्या प्रॅक्टिकलबद्दल खरं सांगायला हरकत नाही. रीडिंग कुणी घेतच नसे. ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचं. मागच्या वर्षीच्यांनी ते त्यांच्या आधीच्यांकडून उतरवलेलं असायचं. लोखंडी दंडगोलाचा व्यास म्हणून जो आकडा आमच्याकडे वारसाहक्काने चालत आला होता, तो मूळचा दंडगोल हरवून दुसरा आला तरी बदलला नाही. मला हे जमायचं नाही. प्रामाणिकपणा वगैरे मोठं काही नव्हतं त्यात. मला नुसती ती बारीक रेघ कुठल्या रेघेला जुळते ते बघत बसायला आवडायचं. आमचे आजोबा पूर्वेकडच्या दुष्काळी माळावर मेंढरं राखायचे, आणि कळपात एक कमी असलं तर नुसती नजर टाकून सांगायचे. ते असं वाकड्या वाटेने माझ्यात उतरलं असेल.

व्हर्नियर कॅलिपर ही दोन जबड्यांची, बारीक माप घ्यायची पट्टी. जबडे मिटले की शून्याला शून्य जुळायला हवं. माझ्या टेबलावरच्या कॅलिपरचं जुळत नव्हतं. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "आधी जर्नल पूर्ण कर." मी माझं रीडिंग लिहिलं, त्यातून कॅलिपरची चूक वजा केली, आणि माझं उत्तर सगळ्या वर्गापेक्षा वेगळं आलं. जर्नलवर लाल प्रश्नचिन्ह मिळालं. मामा स्टुलावरून बघत होते. पुढच्या आठवड्यात तो कॅलिपर पाच नंबरच्या टेबलावर गेला, मग सहाच्या. असा तो वर्षभर फिरत राहिला.

बघत बसायच्या या सवयीनेच माझा घात केला. मी फार हळू होते. पेपर कधी पूर्ण व्हायचाच नाही. दहावीला चालून गेलं होतं, अठ्ठ्याऐंशी टक्के पडले होते, आणि त्या अठ्ठ्याऐंशीच्या जोरावर घरादाराने मला डॉक्टर करून टाकलं होतं. आमचे आप्पा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी बाजारातून माझ्यासाठी एक स्टेथोस्कोपसुद्धा आणून ठेवला होता. धाकट्या काकांनी तर कमालच केली. बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशीच त्यांनी गावच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. त्यावर माझा पासपोर्टचा फोटो माणसाच्या उंचीएवढा मोठा केलेला, 'भावी डॉक्टर', 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली टक्क्यांची जागा मोकळी. निकाल कळला की तिथे आकडे चिकटवायचे होते. त्यासाठी काकांनी गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून शून्यापासून नऊपर्यंत आकडे कापून आणले होते.

दुपारी एक वाजता निकाल लागला. माझे फिजिक्स आणि केमिस्ट्री हे दोन विषय गेले होते. आकडे काकांच्या खिशातच राहिले. फ्लेक्स मात्र फाट्यावर तसाच उभा. तो काढायला गेलं तर निकाल जाहीर केल्यासारखं होणार, आणि ठेवला तर येणारा-जाणारा मोकळ्या जागेकडे बघणार. तीन दिवस कुणी हात लावला नाही. मी त्या तीन दिवसांत न्हाणीघराशिवाय कुठेही गेले नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आरशातही बघवत नव्हतं.

सल्ले मात्र घरपोच येत होते. कुणी म्हणालं पुन्हा परीक्षा द्या, कुणी म्हणालं आर्ट्सला घाला. शेजारच्या काकू कुठल्याशा नर्सिंगचा कागद घेऊन आल्या. आणि आत्या आली. आत्या रहिमतपूरला दिलेली, आप्पांची थोरली बहीण, तिचा शब्द आप्पा कधी मोडत नसत. ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "आरं, बारावीला पडलेली पोर घरात ठिवून काय करनार हायस? पुढच्या वर्सी हिला कोण इचारनार? आमच्याकडं एक स्थळ हाय. पोरगा एकुलता, खताचं दुकान हाय, ट्रॅक्टर हाय. रविवारी बघायला घिऊन येते." आप्पा काही बोलले नाहीत. आमच्या घरात आप्पा काही बोलले नाहीत की ते ठरलं असं समजतात. मी तेव्हा अठरा वर्षं आणि दोन महिन्यांची होते.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मामांची मोपेड दारात आली. ते घरात आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "फौजी, शिडी हाय का?"

"हाय की. कशाला?"

"चला घिऊन."

फाट्यावर त्या वेळी चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं असतात. मामा शिडीवर चढले आणि आप्पांना म्हणाले, "घट धरा." टपरीवरून कुणीतरी विचारलंच, "काय मामा, किती पडले पोरीला?" मामा वरूनच ओरडले, "सकाळी चार, सांजचं तीन! म्हस आटत आलीया!" माणसं हसली आणि आपापल्या चहाकडे वळली. आप्पांची मान खाली होती, पण शिडी त्यांनी सोडली नाही. हे सगळं मला काकांनी नंतर सांगितलं. मामांनी फ्लेक्सची नीट घडी केली, "कापड भारी हाय, गोठा गळतोय आमचा" म्हणाले आणि मोपेडला बांधली. माझा फोटो पुढे दोन पावसाळे त्यांच्या म्हशीच्या डोक्यावर होता. ती रवंथ करत माझ्याकडे बघायची.

मग ते घरात आले. आईने चहा ठेवला. आत्या दाराशी बसली होती. आप्पांनी बारावीचा कागद पुढे केला, तो मामांनी हातात घेतला नाही.

"दहावीचा आना."

आईने कपाटातून काढून दिला. मामांनी तो लांब धरून वाचला.

"ही कुठं ग्येली मग? बारावी र्‍हायली म्हनून दहावी सरकारनं परत घेतली व्हय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तीन दिवस घरात सहा माणसं सुतकात बसली होती, आणि कपाटात अठ्ठ्याऐंशी टक्के तसेच पडून होते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मामांनी मग कॅलिपरचं सांगितलं. "त्यो बिघडल्याला कॅलिपर मी मुद्दाम टेबलावर ठिवतो. चांगला कपाटात हाय. पाच वर्सं झाली, फिरवतोय. शे-दीडशे पोरांनी त्येनं मापलं, आन् एकानंबी म्हटलं न्हाई की ह्येचं शून्य जुळत न्हाई. ह्या चार नंबरनं म्हटलं."

"आता शिपाई सांगनार व्हय पोरीनं काय करायचं?" आत्या म्हणाली.

आप्पांचा चेहरा पडला. मामांना राग आला नाही. "मला बी काय सांगता येत न्हाई, ताई," ते म्हणाले. "म्हनून मी दावतो. एक दिस द्या मला. शुक्रवारी. फौजी, तुमी बी चला."

हा त्यांचा दरवर्षीचा कार्यक्रम होता. निकाल लागला की ज्यांचे विषय राहिले त्यांच्या घरी जायचं, दोन वर्षांत हात बघून जे वाटलं ते सांगायचं, आणि त्या कामाच्या जागी पोराला अख्खा दिवस नेऊन बसवायचं. नियम कडक. शटर उघडायच्या आधी पोचायचं आणि शटर पडल्यावरच निघायचं. नुसतं बघायचं. पगार किती हे शेवटपर्यंत विचारायचं नाही. "तासभर बघितलं तर कुठलं बी काम चांगलंच वाटतंय," मामा म्हणायचे. "दुपारी चार वाजता त्यो मानूस कसा दिसतोय, ते बघायचं."

त्यांचं चुकायचंही. आमच्या पुढच्या बॅचमधल्या एका मुलाचा झुरळाच्या डिसेक्शनचा हात अतिशय हलका होता. मामांनी त्याला सांगलीच्या एका हॉस्पिटलात नेलं. साडेनऊला ड्रेसिंगच्या खोलीत गेला आणि पावणेदहाला आडवा झाला. मामांनी स्वतःचे कान धरून त्याची माफी मागितली, पण नियम म्हणजे नियम, घरी काही सोडलं नाही. "खाली जाऊन बस," म्हणाले. पोरगा दिवसभर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसला. आता लग्नाच्या जेवणाची कामं घेतो, आणि कडेगावपासून पलूसपर्यंत त्याच्या बासुंदीचं नाव आहे. मामा याचं श्रेय कधी घेत नसत. कान धरल्याचं मात्र स्वतः होऊन सांगायचे.

शुक्रवारी आम्ही तिघे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपसमोर सकाळी साडेसातला उभे होतो. मालक मामांचा जुना विद्यार्थी होता, टेबल नंबर अकरा. त्याचाही कधीकाळी एक विषय राहिला होता. आत गेल्या गेल्या मामांनी पहिला प्रश्न विचारला, "अकरा नंबर, पोरींसाठी बाथरूम हाय का?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "बघ," म्हणाले, "पोरगी ठिवायची तर आधी त्ये लागतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये माझ्या सोयीचा विचार करणारं दुसरं कुणी नव्हतं हेही खरंच.

आम्ही स्टुलांवर बसलो. लेथवर लोखंडाची सळई गरगर फिरत होती आणि तिच्यावरून निळसर कातरण सुटत होतं. ऑइलचा वास नाकात बसला. पहिला तासभर मला वाटलं, कुठे आणून टाकलं. मग बघता बघता मी त्या कारागिराच्या हातात गुंतत गेले. तो थोडं कातायचा, थांबायचा, मापायचा, पुन्हा थोडं कातायचा. इथे घाई करणाऱ्याचा माल भंगारात जात होता. हळू असणं चालतं अशी जगात एखादी जागा असेल हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मला त्या क्षणी खरोखर रडू आलं. ऑइल डोळ्यांत गेलं म्हणून मी ते निभावलं.

अकराच्या सुमाराला मालकाने माझ्या हातात मायक्रोमीटर आणि एक तयार दांडा दिला. मी दोन्ही पुसून घेतले, तीन ठिकाणी माप घेतलं आणि सांगितलं. त्याने स्वतः मापून बघितलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पन मामा, एवढ्या वेळात चहा व्हतो."

"तू चहा कर मग," मामा म्हणाले. "ती मापंल."

आप्पा हसले. निकालानंतर पहिल्यांदा.

दुपारी बाहेर लिंबाखाली भाकरी सोडली. आईने भरली वांगी दिली होती. आप्पा म्हणाले, "मामा, समदं पटतंय. पन रविवारी पाव्हनं यायचं हायती. ताईला शब्द दिलाय. चांगलं स्थळ हाय."

मामांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"माझ्या थोरलीचं बी दोन विषय र्‍हायलं व्हतं, फौजी," ते म्हणाले. "स्थळ चांगलंच व्हतं. निकाल लागला आन् बावीस दिसांत मी अक्षता टाकल्या. तवा बी मी ह्याच लॅबला व्हतो. लोकांच्या पोरांचं हात बघत व्हतो. आन् घरात ही पोरगी रेडू उघडायची, मिक्सर उघडायची, मोटरीचा स्टार्टर उघडून बसायची. मी वरडायचो. ठिव म्हनायचो, शाक बसंल. बघितलं न्हाई कवा."

आप्पांनी विचारलं, "नांदतीया न्हवं?"

"नांदतीया की. कडेगावला. जावई देवमानूस हाय. कवा एका शब्दानं तक्रार केली न्हाई तिनं." मामांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. "केली असती तर बरं झालं असतं. माझं तिनं ऐकलं, एवढंच तिचं चुकलं."

मग त्यांनी हात धुतले आणि आत जाऊन पुन्हा स्टुलावर बसले. शटर पडायला अजून पाच तास होते.

येताना एस.टी.त आप्पा खिडकीबाहेर बघत होते. पलूसच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझ्यासमोरच आत्याला फोन लावला. "ताई, रविवारचं र्‍हाऊ दे," म्हणाले. पलीकडून आत्या किती वेळ बोलत होती कोण जाणे. आप्पा सैन्यात उभे राहायचे तसे ताठ उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "व्हय, माझ्या जबाबदारीवर." फोन ठेवल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. आपल्या बापावर इतकी माया मला आधी कधी आली नव्हती. आत्याने पुढे वर्षभर आमचं तोंड बघितलं नाही. आता तिचा नातू दहावीला आहे आणि ती मलाच फोन करून विचारते, पुढं काय करावं गं.

मी आयटीआयला मशिनिस्टला गेले. वर्गात तेवीस मुलगे आणि मी. जुलैत पुन्हा दोन्ही पेपर दिले, केमिस्ट्री सुटली. फिजिक्स माझं अजूनही राहिलेलंच आहे. आयटीआय झाल्यावर चार वर्षं त्याच वर्कशॉपमध्ये काम केलं. मी रुजू व्हायच्या आधी मालकाने बाथरूम बांधून घेतलं होतं, आणि मामा ते बघायला मुद्दाम येऊन गेले. कडी नीट लागते का ते त्यांनी तपासलं. आता मी सांगलीत एका कारखान्यात तयार माल तपासायच्या विभागात आहे. माझ्या सहीशिवाय एकही दांडा गेटबाहेर जात नाही. लग्नही झालं, मी ठरवलं तेव्हा.

मामा निवृत्त झाले. गुडघे गेले, त्यामुळे मोपेड सुटली. निकालाच्या आठवड्यात ते आता घरच्या कट्ट्यावर बसतात आणि पोरंच त्यांच्याकडे येतात. मी त्या आठवड्यात एक सुट्टी काढते. कुणाला कुठे नेऊन बसवायचं असेल तर ते काम माझ्याकडे असतं. मामांना आता कॉलेजातली मुलं ठाऊक नसतात, तर ते आलेल्या पोराला काहीतरी काम सांगतात. शेंगा निवडायला बसवतात, नाहीतर म्हशीचा दोर सोडवायला लावतात, आणि बघत राहतात.

यंदा मी गेले तेव्हा त्यांची थोरली लेक माहेरी आलेली होती. तिला मी आक्का म्हणते. चाळिशीची, मोठ्या हाडाची, बोलायला कमी. सकाळची पोरं येऊन गेली होती. मामा कट्ट्यावर, आम्ही दोघी आत भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली बसून मुगाचे सांडगे घालत होतो. मामींचा मिक्सर आक्काने जाता जाता उघडून ठेवला होता, त्याचे स्क्रू एका वाटीत होते. तिच्या सासरच्या गल्लीतले सगळे मिक्सर आणि निम्म्या शिवाराचे स्टार्टर तीच दुरुस्त करते हे मला माहीत होतं. त्याबद्दल ती कुणाकडून काही घेत नाही. "त्यात काय," म्हणते.

सांडगे घालता घालता, मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या त्या आयटीआयला वायरमनचं असतंय न्हवं?"

"असतंय की. कुणासाठी विचारताय? धाकटीला?"

"न्हाई. धाकटी अजून सातवीत हाय." ती थांबली. "दहावीवर चालतंय न्हवं त्ये? वयाचं काय असतंय का?"

मला कळायला जरा वेळ लागला. नियम मला पाठ होता, तो सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात कट्ट्यावरून मामांचा आवाज आला.

"वयाची अट न्हाई."

आक्काने मान वर केली.

"चौदा वर्सांच्या फुडं कुनीबी," मामा म्हणाले. ते आमच्याकडे पाठ करूनच बसले होते. "मी इचारून आलोय."

"कवा?"

"तुझी थोरली शाळंत जायला लागली तवा गेलतो. मग धाकटी जायला लागली तवा गेलतो. गेल्या साली बी, काठी घिऊन. नियम बदलला असला तर, म्हनून."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

शेकडो पोरांच्या दारात जाऊन बसलेला हा माणूस, लेकीच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायचा धीर त्याला झाला नव्हता. त्यांची पाठ नुसती जरा वाकली. मला वाटलं, आता आक्का रडणार, नाहीतर इतक्या वर्षांचं एकदम बोलणार.

आक्काने सांडग्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि हात पदराला पुसले.

"मी ह्यांना इचारून आलीया," ती म्हणाली. "आधार कार्ड बी आनलंय. दहावीचं सर्टिफिकेट लग्नाच्या टायमाला हितंच र्‍हायलं, तुमच्या ट्रंकेत. त्ये तेवढं शोधून द्या."

मामा भिंतीला धरून उठले. मी मदतीला गेले तर हाताने नको म्हणाले. पलंगाखालची ट्रंक त्यांनी स्वतः ओढली. शोधावं काही लागलं नाही. सर्टिफिकेट सगळ्यांत वर ठेवलेलं होतं, प्लॅस्टिकच्या नव्या कव्हरात.